अर्ध्या सुताचं पोट

त्या हप्त्यात साठ बैठका ओतल्या आन् साठच्या साठ वाया गेल्या.

बैठक म्हंजी विहिरीवरच्या इंजनाखाली बोल्टनं आवळत्यात ती लोखंडी पाटी. साडेतीन फूट लांब, दोन मानसं लागत्यात उचलायला. सपाट टेबलावर ठिवली की बुडाखालनं उजेड दिसाय न्हाई पायजे. वाळूचे साचे करनाऱ्या पोपट मोल्डरनं पैली ठिवली, खाली वाकून बघितलं आन् बिडीच्या बंडलाचा कागद बैठकीच्या मधी सरकवला. कागद ह्या अंगानं आत आन् त्या अंगानं भायेर. दुसरी ठिवली, तीच गत. धाव्या बैठकीला पोपटनं कागद फेकून दिला.

"शेठ, मांजर जाईल खालनं. मधी समद्या वर उचलल्यात."

बाळासो शेठच्या बापानं ऊस मोडून शिरूरच्या अलीकडं ही फौंड्री घातलेली. बाळासो मानूस वाईट न्हवता, पण रागाला आला की समोर जो दिसंल त्येला धरायचा. त्या दिशी समोर दिसला इनोद.

इनोद ओव्हाळ दौंडचा. बाप रेल्वेत गँगमन, आई पार्वतीबाई. पोरगं आयटीआय झालं, वर काँप्युटरचा कोर्स केला, आन् दोन हजार पाच साली बाळासोनं त्येला फौंड्रीत काचेच्या खोलीत बसवलं. पंखा, खुर्ची, आन् काँप्युटरवर धूळ बसू नये म्हणून मखमलीचा कपडा. बाकीची समदी काळ्या वाळूत लोळणारी. तवा त्येचं नाव पडलं सायेब. इनोदला ते नाव कळत व्हतं चेष्टेचं हाय, पण आवडायचं बी. खोटं कशाला बोला.

"सायेब, काय झालं हे?" बाळासो वरडला. "तुमच्या काँप्युटरनं तर पॅटर्न करून दिला ना?"

आता हितं जरा दम धरा, हे पॅटर्नाचं सांगितल्याबिगर पुढं जाता येनार न्हाई.

लोखंड ओतायचं तर आदी त्या वस्तूसारखा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, जो खड्डा राहील त्यात रस ओतायचा. ह्या नमुन्याला म्हनत्यात पॅटर्न. फौंड्रीचे समदे पॅटर्न करायचे न्हावऱ्याचे हौसराव सुतार. हौसाआप्पा. साठीच्या पुढचं मानूस, शाळेचं तोंड न्हाई बघितलेलं, पण रंधा असा मारायचे की साल निघावी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ह्या खेपेला ऑर्डर मोठी व्हती. लाकूड दोन हजार बैठका सोसत न्हाई, झिजतं. म्हणून ठरलं की आप्पांनी एक लाकडी करायचा आन् त्येच्यावरनं मशीनवर अॅल्युमिनियमचा पाडायचा.

त्येच्यासाठी पुन्याहून भाड्यानं स्कॅनर आनलेला. लाल उजेडाची एक रेघ आप्पांच्या लाकडावरनं फिरवली आन् काँप्युटरात ठिपके पडले, मुंग्यांच्या वारुळावानी. ठिपक्याला ठिपका जोडला की त्रिकोन. त्रिकोनाला त्रिकोन जोडला की जाळी. कोळ्यानं जाळं टाकावं आन् ते दगडाच्या अंगाबरोबर बसावं, तशी ती जाळी त्या पॅटर्नाच्या अंगाबरोबर बसलेली. गनती केली तर एकतीस लाख त्रिकोन. इनोदचा काँप्युटर तेवढं उघडायला लागला की पंखा घरघरायचा आन् पडदा निळा व्हायचा. आन् मशीनवाला तर फोनवर म्हनला, "पन्नास हजाराच्या वर पाठवू नका, आमचं मशीन गिळत न्हाई."

मग त्रिकोन कमी करायचे. ते बी प्रोग्राम करतो, आपन आकडा द्यायचा. त्येचा कायदा सरळ हाय. जितं वळन हाय, भोक हाय, कोपरा हाय, तितं त्रिकोन दाट ठेवायचे. जितं सपाट हाय तितं हजार कशाला, दोनच त्रिकोनात अख्खं वावर बसतं. इनोदनं वीस हजार आकडा दिला. धा मिनिटं काँप्युटर फिरत बसला आन् एकतीस लाखाचं वीस हजार झालं, दिसायला तेच. इनोद खूश. फायल मशीनवाल्याला जायच्या आदी त्यानं जुनी आन् नवी जाळी एकावर एक ठिवून तपासली. प्रोग्राम रंग दावतो, हिरवं म्हंजी जमलं, तांबडं म्हंजी चुकलं. समदं हिरवं. फकस्त बुडाच्या मधोमध लांबच्या लांब एक नारिंगी डाग. दीड मिलिमीटर फरक.

इनोदनं त्यो डाग बघितला. मनाशी म्हनला, लाकूड हाय, पावसाळ्यात मधी फुगलं आसंल, म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं न्हाई. बरं झालं, आपसूक सरळ झालं. आन् कुनाला काय न बोलता फायल पाठवून दिली.

येवढीच गोष्ट. त्या फायलीवरनं अॅल्युमिनियमचा पॅटर्न आला, त्येच्यावर ह्या साठ बैठका ओतल्या. पन आता बाळासो समोर उभा, साठ बैठका वाकड्या, पोपटचे चार हाताखालचे कान टवकारून उभे. इनोदच्या तोंडातनं निघून गेलं, "लाकडी पॅटर्नच वाकडा व्हता, शेठ. मला पडद्यावर दिसत व्हतं."

"मग आदी का नाय बोलला?"

"मोठं मानूस. कसं बोलायचं म्हनलं."

हे वाक्य त्येला पुढं लई दिस चावलं. कारन ते आयकून बाळासो मवाळ झाला. म्हनला, "ते बी खरंच."

दुसऱ्या दिशी आप्पांना बोलावनं गेलं. यष्टीनं आले. धोतर, पैरन, कानात पेन्सिलीचा तुकडा. बाळासो त्येंना जपून बोलत व्हता, बापाच्या वेळंपासनंचा मानूस.

"आप्पा, राग मानू नका. पॅटर्नात घोळ झालाय. बैठका मधी वर उचलल्यात."

आप्पांनी एका बैठकीखाली बोट घालून बघितलं. मग कोपऱ्यात ठेवलेला आपला लाकडी पॅटर्न उचलला, एक डोळा मिटला आन् बंदूक धरल्यावानी त्येच्या धारेवरनं नजर लावली. लई येळ.

"पोट हाय की," म्हनले.

"कसलं पोट?" बाळासोनं इचारलं.

"आरं, लांब पाटी निवताना मधनं वर वडती. लोखंडाची खोडच हाय ती. म्हणून पॅटर्नाच्या बुडाला मधी उलटं पोट द्यायचं, थोडकं, अर्धा सूत. लोखंड वडून वडून बराबर सरळ व्हतं. तुजा बाप आसताना बी देत व्हतो. हे कागदावर न्हाई येत, नजरनं द्यायचं."

काचेच्या खोलीच्या दारात इनोद उभा व्हता. अर्धा सूत म्हंजी दीड मिलिमीटर. त्येच्या पायाखालची वाळू गरम झाली. त्यो नारिंगी डाग म्हंजी लाकडाची फूग न्हवती. म्हाताऱ्यानं ठेवलेलं पोट व्हतं. प्रोग्रामला ते सपाट वाटलं, त्यानं दोन त्रिकोन ताणून टाकले. आन् इनोदनं वरनं बरं झालं म्हनलं.

आप्पा त्येच्याकडं वळले. "पोरा, तू जसाच्या तसा उतरवलास न्हवं काँप्युटरात?"

बोलायची येळ ती व्हती. समदे बघत व्हते. पोपट तंबाकू मळायचा थांबला व्हता.

"व्हय आप्पा," इनोद म्हनला. "जसाच्या तसा."

आप्पांनी पॅटर्न खाली ठेवला. पुन्हा बोट घातलं नाय, पट्टी लावली नाय, कायच केलं नाय. "मंग माजीच नजर गेली. मला अर्धा सूत वाटतंय आन् ते तेवढं नसंल. लोखंड कशाला खोटं बोलंल?" आन् कानातली पेन्सील काढून खिशात घातली.

गावाकडं बातमी दुधाच्या गाडीनं जाती. न्हावऱ्यात चार दिसात झालं, हौसाआप्पाची नजर गेली. गावातल्या साहेबरावानं नव्या घराच्या चौकटी आप्पांना सांगितल्या व्हत्या, त्यानं त्या मांडवगणच्या सुताराकडं नेल्या, वरनं सांगाय आला, "तुमाला तरास नको म्हनलं." आप्पांनी व्हय म्हनलं. आवजारं तेल लावून पोत्यात बांधली. हे समदं पोपटनं सांगितलं, त्येची सासुरवाड तिकडचीच. सांगताना इनोदकडं बघत बी न्हवता, पन इनोदला वाटायचं की त्यो आपल्यालाच सांगतोय. डबा उघडायचा आन् तसाच झाकायचा. काचेच्या खोलीत बसलं की वाटायचं, समद्यांला भायेरनं आतलं दिसतंय.

दोन येळा बाळासोच्या टेबलापर्यंत गेला. एकदा बाळासो फोनवर व्हता. दुसऱ्यांदा फोनवर न्हवता, तरी इनोद स्टॅपलर मागून माघारी आला.

पंधरवड्यानं आप्पाच फौंड्रीच्या दारात. बाळासोकडं न्हाई, इनोदकडं आले.

"पोरा, तू दौंडचा न्हवं? तितं डोळ्याचा चांगला डाक्टर हाय म्हनत्यात. माजं तिकडं कोनी न्हाई. रविवारी घिऊन जाशील का?"

न्हाई कुठल्या तोंडानं म्हनायचं?

रविवारी इनोदनं न्हावऱ्यातनं आप्पांना मोटरसायकलवर घेतलं. आप्पा मागं दोन्ही हातानं त्येच्या खांद्याला धरून. दोन्ही अंगाला ऊस, रस्त्यात खड्डे. पारगावच्या पुलावर आप्पा म्हनले, "हळू घे, नदी बघू दे. उद्या दिसंल का न्हाई कुनाला म्हाईत." इनोदनं गाडी हळू केली. त्येच्या खांद्यावर ते हात, पन्नास वरीस रंधा धरून लाकूड झालेले, आन् त्येला वाटत व्हतं हे हात आसंच आपल्या मानंपर्यंत यावेत आन् आवळावेत.

डाक्टरची येळ चारची. तवर इनोदच्या घरी. पार्वतीबाईनं आदीच भाकरी, वांग्याचं भरीत, वर मटकी केलेली. सुतारआप्पा येनार म्हनून शेजारनं नवी सतरंजी आनलेली. गावाकडचं मानूस, आपल्या हातचं जेवंल का न्हाई, तिच्या मनात शंका. आप्पांनी पाय धुतले आन् मांडी घालून ताट पुढं वढलं.

"ताई, ठेचा हाय का?"

पार्वतीबाईचा चेहरा उजळला. ठेचा आनला. आप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या आन् पानी पिऊन म्हनले, "तुमचं पोरगं गुनाचं हाय. मी आता बाद झालो, पन ह्येचा काय दोष नाय. काँप्युटरात माजं काम त्यानं जसंच्या तसं उतरवलं. चूक माजी निघाली. दुसरा आसता तर म्हाताऱ्याला हासला आसता. ह्यो मला डाक्टरकडं नेतोय."

"बापाचं वळन हाय, आप्पा," पार्वतीबाई म्हनली. "ह्येचे वडील रुळाचा एक बोल्ट ढिला दिसला तर ड्युटी सपल्यावर बी माघारी जायचे."

इनोदच्या तोंडात घास व्हता. तसाच उठून मोरीवर गेला आन् नळ सोडून उभा ऱ्हायला. आई आतनं म्हनली, "काय रं, ठसका लागला का?" त्यो व्हय म्हनला. ह्या एका शब्दानं त्यो किती येळा निसटला व्हता, त्येचं त्येला उमगलं.

डाक्टर तरना व्हता. बत्ती मारली, अक्षरं वाचायला दिली. आप्पांना अक्षरं येत न्हाईत, मग चित्राचा तक्ता लावला. आप्पांनी खालच्या वळीतली बारकी चिमनी सुदिक सांगितली. डाक्टर हासला.

"आजोबा, डावीकडं जरासा मोतीबिंदू धरतोय, पण अजून चार-पाच वर्षं काही करायला नको. या वयात एवढी नजर म्हणजे नशीब. जवळचा चष्मा देतो."

"मला अर्धा सूत दिसंना झालाय डाक्टर. बघा नीट."

"बघितलं. डोळे चांगले आहेत."

भायेर पायऱ्यांवर आप्पा बसले. इनोदला वाटलं खूश व्हतील. तर म्हातारा आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसलेला, तळवं वर करून.

"डोळा गेला आसता तर बरं झालं आसतं," म्हनले. "डोळ्याला चष्मा मिळतो. मंग हात गेला. न्हाईतर डोस्कं. आता त्येला कुठला डाक्टर बघायचा रं?"

इनोद त्येंच्या खालच्या पायरीवर बसला. वर बघून बोलायचं धाडस न्हवतं.

"आप्पा, तुमचं पोट बराबर व्हतं."

"आं?"

"अर्धा सूत. बराबर दीड मिलिमीटर. मी मोजलं व्हतं. काँप्युटरात आलं व्हतं आन् मी घालवलं."

इनोद बोलत ऱ्हायला, एकतीस लाख, वीस हजार, सपाट जागी दोनच त्रिकोन, नारिंगी डाग. मधीच गप झाला, कारन त्येलाच त्येचं बोलनं आडोशाला उभं ऱ्हाऊन बोलल्यावानी लागलं. आप्पांनी समदं आयकून घेतलं.

"म्हंजी मशीनला ते सपाट वाटलं."

"व्हय."

"मशीनचं सोड. ते काय मला वळखत न्हाई. तू डाग बघितलास. तुला काय वाटलं?"

"लाकूड फुगलंय वाटलं."

"माजं लाकूड फुगलंय, आन् मला कळलं न्हाई, आसं वाटलं."

इनोदनं मान हलवली.

"इचारलं का न्हाईस? न्हावरं काय इलायतेत हाय? पोपटला सांगितलं आसतं तर त्यानं सांगावा आनला आसता."

ह्येचं उत्तर इनोदपाशी व्हतं, पन ते तोंडातनं भायेर काढन्यासारखं न्हवतं. ज्येला अक्षर येत न्हाई त्येला काय इचारायचं, हे ते उत्तर. आप्पांनी ते त्येच्या मानंवरनंच वाचलं आसनार.

"बरं, ते बी सोड. चुकी व्हती. मी बी लई लाकडं नासलीत. पन मी तुला तोंडावर इचारलं, जसाच्या तसा का म्हनून. तवा बी व्हय म्हनलास. आन् मघाशी तुज्या आईसमोर मी तुजी तारीप करतोय, आन् तू भरीत खातोयस."

आप्पा उठले. धोतर झटकलं.

"आप्पा, मी सोडतो न्हावऱ्याला."

"यष्टी हाय मला."

"चौफुल्याला बदलावी लागंल. रात व्हईल."

"व्हऊ दे. डोळं चांगलं हायीत माजं." आन् स्टँडच्या दिशेनं चालाय लागले. चष्म्याची चिठ्ठी पायरीवरच ऱ्हायली. ती उचलून इनोद मागनं पळाला, पन द्यायची हिंमत झाली न्हाई, धा पावलं मागं चालत ऱ्हायला. आप्पा यष्टीत चढले, खिडकीशी बसले, आन् त्येच्याकडं बघितलं न्हाई.

घरी आईला सांगितलं. पार्वतीबाईनं शिवी दिली नाय का मारलं नाय. शेजारची सतरंजी घडी घालत व्हती ती घालून झाली, मग म्हनली, "सोमवारी सांगनार हायस ना?" आन् सतरंजी द्यायला निघून गेली.

सोमवारी इनोदनं सांगितलं. बाळासोच्या केबिनीत न्हाई, भट्टीपाशी, समद्यांसमोर. केबिनीत सांगितलं आसतं तर ते केबिनीतच ऱ्हायलं आसतं. बाळासोला पैल्यांदा समजलंच न्हाई. समजलं तवा त्येचा चेहरा काळा पडला.

"आन् मी आप्पांच्या पॅटर्नात घोळ म्हनलो. तुज्या भरवशावर."

पोपटनं कोपऱ्यातनं लाकडी पॅटर्न आनला, वाळूत दाबला, आन् दुपारच्या भट्टीला एक बैठक त्येच्यावरनं ओतली. दुसऱ्या दिशी गार झाल्यावर टेबलावर ठिवली. बंडलाचा कागद मधी घालाय गेला. कागद दुमडला. आत न्हाई गेला.

"सायेब," पोपट म्हनला, "या, बघा की. पडद्यावर न्हाई दिसायचं हे."

त्या दिसापासनं इनोदला खोलीतनं काढलं. बैठकीचे कंगोरे घासायला उभा केला, हातात ग्राइंडर. बाळासो म्हनला, "न्हावऱ्याला मी जातो आप्पांची माफी मागायला." मग दोन दिस गेला न्हाई. तिसऱ्या दिशी इनोदला म्हनला, "तूच जा रं. मला काय बोलू सुचंना."

पन इनोदला एक कळलं व्हतं. आप्पांच्या वसरीवर जाऊन माफी मागनं सोपं हाय. आप्पांना तर खरं म्हाईतच हाय. त्येंचं नाव गेलं ते गावात गेलं. मग सकाळी साडेसहाला त्यो न्हावऱ्याच्या दूध डेअरीपाशी उभा ऱ्हायला. समदं गाव कॅन घिऊन रांगंत. साहेबराव म्होरं, मागं सोजराबाई, आप्पा लांब शेवटाकडं.

"मला एक सांगायचंय," इनोद म्हनला. आवाज फुटंना. परत म्हनला.

"कोन रं तू?" साहेबराव.

"शिरूरच्या फौंड्रीत कामाला हाय. हौसाआप्पांची नजर गेली न्हाई. पॅटर्न बराबर व्हता. काँप्युटरात मी त्रिकोन कमी करताना..."

"त्रिकोन?" मागनं कुनीतरी हासलं. "दुधात फॅट कमी झाला का रं?"

रांगंला हासू फुटलं. इनोदचे कान तापले. जाळी, त्रिकोन, डाग, ह्यातलं काय बी हितं कामाचं न्हवतं. आडोसा म्हणून सुदिक न्हाई.

"आप्पांनी काम बराबर केलं व्हतं. मी नासवलं. आन् नाव आप्पांचं घेतलं. मी खोटं बोललो."

हासू थांबलं. सोजराबाई म्हनली, "आगं बया. आन् ह्या मेल्यानं चौकटी काढून नेल्या की." साहेबराव कॅनाचं झाकान उघडून आत बघाय लागला.

समदी मागं आप्पांकडं वळली. आप्पा कॅन पायाशी ठिवून उभे. इनोदनं बी आता वर बघितलं, पैल्यांदा. त्येंच्या तोंडावर राग न्हवता आन् माया बी न्हवती. त्या दिशी पॅटर्नाच्या धारेवरनं बघितलं तसंच, एक डोळा बारीक करून, बघत व्हते. कुठं कमी हाय, कुठं जास्त.

"झालं सांगून?" आप्पा म्हनले.

"झालं."

"मंग बाजूला व्हय. दुधाची गाडी येती."

इनोद बाजूला झाला. रांग म्होरं सरकली. खिशात चष्म्याची चिठ्ठी व्हती, ती त्यानं आप्पा जवळ आल्यावर पुढं केली. आप्पांनी ती घेतली, दोन घड्या घातल्या, पैरनीच्या खिशात टाकली आन् कॅन उचलून मापाकडं गेले.